नायट्रस घ्यावं की टर्बो बसवावा? गाडीची ताकद वाढवण्याआधी करायचा विचार

गाडीची ताकद वाढवायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती हॉर्सपॉवर वाढतील? माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की ती वाढीव ताकद एका दमात किती वेळ लागणार आहे. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, पाव मैलासाठी दहा-पंधरा सेकंद पुरतात. रोजच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना ती चार-पाच सेकंदच लागते, पण दिवसभरात कितीदा तरी. सर्किटवर मात्र वीस मिनिटांच्या सत्रात गाडी पुन्हा पुन्हा पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, असते आणि इंजिनाला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. या तिघांना एक उत्तर लागू पडत नाही. नायट्रस, टर्बो आणि सुपरचार्जर यांतली निवड बहुतेक वेळा इथेच होऊन जाते. पुढचं सगळं गणित ती निवड तुमच्या इंजिनाला झेपेल का, हे पाहण्यासाठी.

लेखात धरलेलं इंजिन पेट्रोलचं आणि कारखान्यातून विनाटर्बो आलेलं आहे. गाडीत मुळातच टर्बो असेल तर आधी ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंग, मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि मोकळा एक्झॉस्ट यांतून काय निघतं ते पाहा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं.

दोन्ही वाटा ऑक्सिजनच वाढवतात

सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल सोडणं अवघड नाही. ते जाळायला लागणारा ऑक्सिजन कुठून आणायचा, हा खरा अडसर आहे. टर्बो आणि सुपरचार्जर बाहेरचीच हवा दाबून आत कोंबतात. टर्बोला फिरवतो तो एक्झॉस्टचा झोत, सुपरचार्जरला फिरवतो तो क्रँकवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरून, आलेला पट्टा. नायट्रस ऑक्साइड हवा दाबत नाही. ते बाटलीतून ऑक्सिजनने समृद्ध असा वायू सोडतं. वजनाच्या हिशेबाने हवेत ऑक्सिजन २३ टक्के असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेत त्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन सुटा होतो आणि शिवाय उष्णताही बाहेर पडते. नायट्रस स्वतः इंधन नाही, ते दुसऱ्याला जाळायला मदत करतं. त्यामुळे नुसतं नायट्रस सोडलं आणि जोडीचं पेट्रोल कमी पडलं, तर ताकद वाढायच्या आधी पिस्टन वितळतो.

नायट्रसला आणखी एक देणगी आहे. ते द्रवरूपात बाटलीत असतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश सेल्सियस आहे. नोझलमधून सुटताच ते उकळतं आणि आजूबाजूच्या हवेची उष्णता ओढून घेतं. आत जाणारी हवा झटक्यात थंड आणि दाट होते. टर्बोमध्ये घडतं ते नेमकं उलटं: हवा दाबली की तापते.

दोन्ही तंत्रं जुनी आहेत. आल्फ्रेड ब्यूखी यांनी टर्बोचार्जिंगचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांना विरळ हवेत ताकद टिकवण्यासाठी ‘जीएम-१’ नावाची नायट्रस प्रणाली दिली होती. प्रवासी गाड्यांत टर्बो आला तो १९६२ मध्ये, शेव्हरोले कॉर्व्हेअर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर यांच्या रूपाने. जेटफायरची गोष्ट आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या व्ही-८ इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) १०.२५ होतं आणि त्यावर बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब. नॉकिंग (मिश्रण आपोआप, अनियंत्रित भडकणं) थोपवायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडावं लागे, आणि त्याची टाकी मालकाने भरत राहायची. मालक ती भरायला विसरत, मग प्रणाली बूस्ट कमी करत असे. गाडी १९६३ नंतर बंद झाली. ज्या यंत्रणेला सतत काहीतरी भरत राहावं लागतं ती मालकाच्या शिस्तीवरच चालते. नायट्रसची बाटली घेताना हा विचार करावा.

पहिली पायरी: इंजिनाची तब्येत

किटची चौकशी करण्याआधी इंजिन तपासून घ्या. कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आणि सगळे प्लग काढून करावी. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये आपापसांत फरक किती आहे ते महत्त्वाचं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर ताकद वाढवण्याचा विषय तिथेच थांबवावा. त्यानंतर लीक-डाउन टेस्ट. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते ऐकायचं. थ्रॉटलमधून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. गळती दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन ठणठणीत समजा.

ही तपासणी एका तासाची आहे आणि ती टाळून लोक किटवर पैसे घालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. थकलेलं इंजिन स्टॉक ताकदीवर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. त्यावर तीस टक्के जादा भार टाकला की जे आधीच सैल होतं तेच आधी जातं.

ऑइल प्रेशर, कूलंटची पातळी, इंजिन माउंट, फ्युएल फिल्टर हेही याच वेळी पाहून घ्या. जुने इग्निशन कॉइल बदला. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि मरतुकडा कॉइल तिथेच मिसफायर देतो.

दुसरी पायरी: पिस्टन आणि रॉड काय सोसतील

बहुतेक विनाटर्बो इंजिनांत ओतीव पिस्टन असतात. ते हलके आणि शांत असतात, पण नॉकिंगचे हादरे सोसत नाहीत. त्यांचा कमकुवत भाग म्हणजे रिंगांच्या मधल्या कडा. नॉकिंगने तिथे तडा जातो, तुकडा निघतो आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. घडीव म्हणजे फोर्ज्ड पिस्टन हे बरंच जास्त सोसतात.

दुसरी गोष्ट रिंगांच्या टोकांमधली फट. ताकद वाढली की वरची रिंग जास्त तापते आणि फुगते. फट पुरेशी नसेल तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा वरचा भागच उचकटला जातो. हे नायट्रसमध्ये जास्त होतं, कारण उष्णता एकदम वाढते. इंजिन उघडून बांधणार असाल तर वापर काय आहे ते बांधणाऱ्याला आधीच सांगा. नायट्रससाठी फट जास्त ठेवतात.

इंजिन न उघडता नायट्रस लावायचं असेल तर चार सिलिंडरला ४० ते ६०, सहा सिलिंडरला ७५ ते १०० आणि आठ सिलिंडरला १०० ते १५० हॉर्सपॉवरचा शॉट (नायट्रसने घातलेली जादा ताकद) ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. मी खालच्या आकड्याच्या बाजूने राहतो.

आता टॉर्कचं (फिरवणाऱ्या जोराचं) गणित, कारण रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकवतो तो टॉर्क. नायट्रसचा शॉट सेकंदाला ठरावीक वजनाचा वायू सोडतो, इंजिन कितीही वेगाने फिरत असो. म्हणजे हॉर्सपॉवरची भर जवळजवळ तेवढीच राहते, टॉर्कची मात्र बदलते. १०० हॉर्सपॉवरचा शॉट ६००० आरपीएमला साधारण ११९ न्यूटन मीटर टॉर्क घालतो. तोच शॉट ३००० आरपीएमला लागला तर २३७ न्यूटन मीटर, म्हणजे बरोबर दुप्पट. दर फेरीत दुप्पट वायू त्याच सिलिंडरमध्ये जातो. म्हणून कमी आरपीएमवर नायट्रस कधीही सोडायचं नाही. इंजिन ३००० च्या वर आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असल्याशिवाय सोलेनॉइड (नायट्रस सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) उघडताच येऊ नये, अशी विंडो स्विचची (ठरलेल्या आरपीएमच्या टप्प्यातच चालणाऱ्या स्विचची) जोडणी हवीच. हाच स्विच रेड लाइनच्या, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेच्या, आधी पुरवठा तोडतो. रेव्ह लिमिटरवर ईसीयू पेट्रोल बंद करतो, आणि त्या क्षणी नायट्रस चालू असेल तर मिश्रण एकदम लीन (पेट्रोल कमी, ऑक्सिजन जास्त) होतं.

टर्बोमध्ये बूस्ट हळूहळू चढतो, त्यामुळे रॉडवरचा भारही चढत जातो. फार लहान टर्बो घेतला तर मात्र खालच्या आरपीएमलाच टॉर्कचा डोंगर उभा राहतो आणि रॉडवर तसाच अन्याय होतो.

तिसरी पायरी: बूस्टचं खरं मोजमाप

‘अर्धा बार बूस्ट लावला म्हणजे ताकद दीडपट’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते अर्धवट आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १ बार असतो, त्यावर अर्धा बार म्हणजे दाब दीडपट झाला, हे खरं. पण इंजिनाला लागते हवेची घनता. २७ अंशांची हवा टर्बोच्या कॉम्प्रेसरमध्ये दीडपट दाबली, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा साधारण ८० अंशांवर जाते. तापलेली हवा पातळ असते. घनता वाढते ती जेमतेम २७ टक्के. मध्ये चांगला इंटरकूलर घातला आणि त्याने वाढीव उष्णतेतली ७० टक्के काढून टाकली, तर हवा ४३ अंशांपर्यंत उतरते आणि घनतेची वाढ ४२ टक्क्यांवर जाते.

१५० हॉर्सपॉवरच्या दोन लिटर इंजिनाचं उदाहरण घ्या. इंटरकूलरशिवाय १९० च्या आसपास, इंटरकूलरसह २१० च्या पुढे. एक्झॉस्टमधला अडथळा आणि पाइपांतला दाबाचा ऱ्हास धरला तर दोन्ही आकडे थोडे खाली येतील. फरक मात्र तेवढाच राहील, आणि थंड हवेमुळे नॉकिंगपासून मिळणारं अंतर हा वरचा फायदा. इंटरकूलरवर पैसे वाचवू नका, असं मी ठामपणे सांगतो ते यासाठी.

टर्बो निवडतानाही हवेच्या वजनानेच विचार करा. दर १० हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण ४५० ग्रॅम हवा लागते. २१० हॉर्सपॉवरसाठी मिनिटाला साडेनऊ किलोच्या आसपास. कॉम्प्रेसरच्या नकाशावर (कार्यक्षमतेच्या आलेखावर) हा प्रवाह आणि १.५ चं दाब-गुणोत्तर जिथे भेटतात, तो बिंदू कार्यक्षमतेच्या मधल्या भागात पडला पाहिजे. डाव्या कडेजवळ पडला तर सर्ज होतो (हवा उलटे धक्के देते), उजवीकडे फार गेला तर टर्बो फक्त गरम हवा देतो. नुसतं मोठं नाव किंवा मोठं चाक पाहून टर्बो घेणं चुकीचं आहे.

चौथी पायरी: पेट्रोल पुरतंय का

कुठलीही वाट घ्या, इंधनाचा हिशेब चुकला तर काहीच वाचत नाही. बूस्टवरच्या इंजिनाला तासाला दर हॉर्सपॉवरमागे साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं. ३०० हॉर्सपॉवरचं लक्ष्य असेल तर तासाला ८१ किलो. चार सिलिंडर म्हणजे प्रत्येकी वीस किलो. इंजेक्टर पूर्ण क्षमतेने चालवू नये, ८० टक्क्यांवर थांबावं. म्हणून प्रत्येक इंजेक्टरची क्षमता तासाला २५ किलो, म्हणजेच मिनिटाला सुमारे ५७० सीसी लागेल. फ्युएल पंपाचीही तीच कथा, आणि पंपाचा आकडा बघताना दाब किती धरलाय ते विचारा. दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो.

मिश्रण किती रिच (पेट्रोल जास्त असलेलं) ठेवायचं? हवा आणि पेट्रोल यांचं रासायनिकदृष्ट्या नेमकं वजनी प्रमाण १४.७ ला १. विनाटर्बो इंजिन पूर्ण थ्रॉटलवर १३ च्या आसपास खूश असतं. बूस्ट किंवा नायट्रसवर ११.५ ते १२ धरून सुरुवात करावी. हे पाहायला वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) आणि त्याचा मीटर लागतोच. गाडीसोबत आलेला साधा ऑक्सिजन सेन्सर इथे कामाचा नाही, तो फक्त १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो.

टायमिंगही मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. नायट्रसमध्ये दर ५० हॉर्सपॉवरमागे साधारण २ अंश असा ठोकताळा आहे. प्लग एक ते दोन हीट रेंज थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्या आणि गॅप कमी करा. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलचा ऑक्टेन जेवढा कमी, तेवढं हे सगळं जास्त सांभाळून. कॉम्प्रेशन ११ च्या वर असलेल्या इंजिनावर साध्या पेट्रोलवर बूस्ट लावायचा बेत असेल तर अर्धा बारसुद्धा जपूनच.

नायट्रस घेणार असाल तर

किटचे तीन प्रकार. ड्राय किटमध्ये इनटेकमध्ये फक्त नायट्रस जातं, जोडीचं पेट्रोल गाडीचेच इंजेक्टर देतात. वेट किटमध्ये एकाच नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही येतं. डायरेक्ट पोर्टमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळं नोझल. मोठ्या शॉटसाठी शेवटचाच प्रकार नेमका, कारण वाटप समान होतं. प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू असेल तर लहान शॉटसाठी मला ड्राय पद्धत आवडते. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) पेट्रोल साचण्याची भानगडच राहत नाही. वेट किट कमी आरपीएमवर सुटलं तर वळणांवर पेट्रोल हवेतून वेगळं होऊन मॅनिफोल्डच्या तळाशी साचतं, आणि एखाद्या बॅकफायरमध्ये मॅनिफोल्डच फुटतो. प्लास्टिकचा मॅनिफोल्ड असेल तर ही धास्ती दुप्पट.

बाटलीचा दाब ही नायट्रसची नाडी. २० अंश तापमानाला बाटलीत सुमारे ५० बार दाब असतो, ३० अंशांना ६३ बार. किटचे जेट (प्रवाह ठरवणारी बारीक छिद्रं) साधारण ६२ ते ६५ बार धरून ठरवलेले असतात. थंडीत दाब कमी, म्हणजे नायट्रस कमी, पण वेट किटमधलं पेट्रोल तेवढंच. गाडी रिच होते, ओढ कमी लागते, इंजिन वाचतं. उलटं मात्र धोक्याचं. बाटली जास्त तापली, दाब चढला, नायट्रस जास्त गेलं आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, म्हणजे मिश्रण लीन. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तेवढं तापमान सहज होतं. दाबाचा मीटर चालकाला दिसेल असा लावा आणि थर्मोस्टॅट असलेलाच हीटर वापरा. ज्योतीने बाटली तापवायचा विचारही करू नका.

बाटली कशी बसवता यालाही महत्त्व आहे. आतली नळी बाटलीच्या तळाशी वाकलेली असते. व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या दिशेला आणि थोडा वर, लेबल आकाशाकडे, अशी आडवी बाटली ठेवली की वेग घेताना द्रव मागे सरकतो आणि नळीचं टोक त्यात बुडलेलं राहतं. उलटी बसवली तर ऐन वेळी नळीत द्रवाऐवजी वायू येतो. सुरक्षा चकती फुटली तर वायू गाडीबाहेर जाईल अशी नळी जोडा. गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये कुणी ते हुंगू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड मिसळलेलं असतं, बंद गाडीत ते सुटलं तर डोळे उघडे ठेवणं कठीण होईल.

बाटली पुरते किती? दर १०० हॉर्सपॉवरला सेकंदाला साधारण ४० ग्रॅम वायू जातो. ४.५ किलोची नेहमीची बाटली १०० च्या शॉटवर दोन मिनिटांच्या आत रिकामी होते, आणि शेवटच्या भागात दाब घसरल्यामुळे कामाचा वेळ त्याहून कमी. ड्रॅगसाठी हे भरपूर आहे. सर्किटसाठी अगदीच अपुरं. जवळपास बाटली भरून देणारा भरवशाचा माणूस आहे का, हे किट घेण्याआधी पाहा.

जोडणीत चार गोष्टी सोडू नका: वेगळा आर्मिंग स्विच, पूर्ण थ्रॉटलवरच चालणारा स्विच, आरपीएमचा विंडो स्विच आणि पेट्रोलचा दाब पडला तर नायट्रस बंद करणारा सेफ्टी स्विच. शेवटचा लोक सर्वांत आधी गाळतात, आणि इंजिन वाचवणारा तोच असतो.

टर्बो की सुपरचार्जर

रूट्स आणि ट्विन-स्क्रू सुपरचार्जर ॲक्सिलरेटर दाबताक्षणी बूस्ट देतात. सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरचा बूस्ट आरपीएमबरोबर चढतो, त्यामुळे स्टॉक रॉडवर तो सगळ्यांत दयाळू. सगळे सुपरचार्जर क्रँकची ताकद खातात. टर्बो ती थेट खात नाही, एक्झॉस्टमध्ये अडथळा मात्र वाढवतो. पेट्रोलच्या थेंबामागे ताकद पाहिली तर टर्बो पुढे. बसवायला सोपा आणि बॉनेटखाली कमी उष्णता करणारा पाहिला तर सुपरचार्जर.

टर्बो बसवताना एका जागेवर बारीक नजर ठेवा: ऑइल परत जाणारी नळी. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल दाबाने आत येतं, बाहेर मात्र निव्वळ गुरुत्वाकर्षणाने पडतं, तेही फेसाळलेलं. म्हणून परतीची नळी जाड हवी, सरळ खाली उतरती हवी, आणि इंजिनाच्या तळच्या चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. कुठे वळसा घेऊन ती वर चढली किंवा दबली, की ऑइल टर्बोतच तुंबतं, सीलमधून गळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुरू होतो. टर्बो खराब निघाला म्हणून बदलतात, नवाही तसाच धूर देतो.

वापरलेला टर्बो घेत असाल तर शाफ्ट बोटांत धरून हलवा. आडवी किंचित हालचाल जर्नल बेअरिंगमध्ये असतेच. पण चाक कवचाच्या भिंतीला टेकत असेल किंवा शाफ्ट पुढे-मागे सरकताना हाताला जाणवत असेल तर तो सोडा. पात्यांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या तरीही.

सर्किटवर जाणार असाल तर ऑइल कूलर, मोठा रेडिएटर आणि हवेचा नीट वाहता मार्ग हे टर्बोइतकेच आवश्यक भाग समजा. वेस्टगेटही (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह) पुरेसा मोठा हवा. तो अपुरा पडला तर वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातो. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे बूस्ट गेला की इंजिनाची ताकद तोडणारी सोय ईसीयूत ठेवाच.

ताकद जमिनीपर्यंत पोचायला हवी

क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, टायर, ब्रेक. यादी नीरस आहे, पण टॉर्क वाढला की पहिला क्लच घसरतो. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेल्या गाडीवर मी नायट्रस आणि बूस्ट दोन्ही लावणार नाही. ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड ताकदीच्या आधी सुधारा. फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालवायला तुमच्याकडे परवानगी लागते का आणि विमा कंपनीला कळवायचं कसं, हे काम सुरू करण्याआधी विचारून घ्या. नायट्रसची बाटली दाबपात्र असल्यामुळे तिचे तपासणीचे नियमही वेगळे असतात.

मग घ्यायचं काय

वर्षातून काही वेळा ड्रॅगला जाणारा आणि एरवी गाडी स्टॉकच ठेवू इच्छिणारा असेल तर त्याने नायट्रस घ्यावं. वजन कमी, इंजिन बाकी वेळ जसंच्या तसं, आणि गाडी विकताना सगळं काढून घेता येतं. रोज चालवायची गाडी असेल आणि ताकद नेहमी पायाखाली हवी असेल तर कमी बूस्टचा सुपरचार्जर किंवा मध्यम टर्बो. सर्किटसाठी बूस्ट, पण थंडाव्याची सगळी सोय आधी. ३० ते ४० टक्क्यांहून जास्त वाढ हवी असेल तर मार्ग कुठलाही असो, इंजिन उघडावंच लागेल असं धरून पैसे बाजूला ठेवा.

दोन्ही एकत्र लावणारेही आहेत. मोठा टर्बो फिरायला वेळ घेतो, त्या पहिल्या दोन सेकंदांत लहानसा नायट्रस शॉट एक्झॉस्टचा झोत वाढवून टर्बोला उठवतो आणि हवाही थंड करतो. हे फार प्रभावी आहे. पण आधी टर्बोचं ट्यूनिंग महिनोन्महिने स्थिर चाललेलं असावं, तरच.

पहिल्या धावा आणि प्लगचं वाचन

सुरुवात सगळ्यांत लहान जेटने किंवा वेस्टगेटच्या स्प्रिंगवर मिळणाऱ्या किमान बूस्टने करा. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करा, रस्त्यावर नको. मिश्रण, नॉक, इनटेकचं तापमान आणि पेट्रोलचा दाब यांची नोंद प्रत्येक धावेची ठेवा. नॉक दिसला तर त्याच धावेत ॲक्सिलरेटर सोडा.

नायट्रसवर पहिल्या धावांनंतर प्लग काढून पाहणं सगळ्यांत विश्वासाचं. नवे प्लग घाला, एक पूर्ण धाव घ्या, धाव संपताच इंजिन बंद करा आणि गाडी ढकलत आणा. इंजिन तसंच चालत ठेवलं तर खुणा पुसल्या जातात. पोर्सेलीनवर बारीक काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर नॉकिंगने पिस्टनचे कण उडायला लागले आहेत, पुढची धाव रद्द. प्लगच्या टोकाच्या वाकवलेल्या पट्टीवर उष्णतेने रंग बदलल्याची एक रेषा दिसते. ती वळणाच्या मध्यावर असेल तर टायमिंग योग्य, आट्यांकडे सरकली असेल तर टायमिंग जास्त आहे, ते मागे घ्या. सगळ्या सिलिंडरांचे प्लग ओळीने मांडून भिंगाखाली पाहा. एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरच्या इंजेक्टरमध्ये किंवा नोझलमध्ये शोधा, सगळ्यांचं ट्यूनिंग बदलू नका.

टर्बो असेल तर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, इंटरकूलरच्या पाइपांचे क्लॅम्प पुन्हा आवळा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नटांवर पाना फिरवून बघा. उष्णतेने ते सैल होतात, आणि पहिली गळती तिथूनच सुरू होते.